गॅसच्या गोळीचा खोटा दिलासा

पेनकिलरने आतड्यांना इजा होते, असं कुणी म्हटलं की दवाखान्यात आणि मेडिकलच्या काउंटरवर एकच उत्तर तयार असतं: ‘सोबत गॅसची गोळी दिली आहे ना!’ एवढ्यावर विषय मिटतो. डॉक्टर निर्धास्त होतात आणि पेशंटही निर्धास्त होतो. गुडघेदुखी, कंबरदुखी, दाढदुखी, ताप, चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखी, दुखणं कोणतंही असो, चिठ्ठीवर ही जोडी ठरलेली. डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर आणि पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटी. जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की दुसरी गोळी पहिलीचा उतारा आहे, अशीच सगळ्यांची समजूत झाली आहे.

माझा आक्षेप या समजुतीवर आहे. गॅसची गोळी जठराला वाचवते, हे खरं. पण पोट म्हणजे केवळ जठर नव्हे. जठराच्या खाली साधारण सहा मीटर लहान आतडं आहे. पेनकिलर तिथेही इजा करते आणि अगदी सुरुवातीचा वीतभर भाग सोडला, तर तिथे या गोळीचा काही उपयोग होत नाही. तरीही तिच्या नावावर सगळ्या पोटाची हमी दिली जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा कारभार आहे.

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं कशी काम करतात ते दाखवून दिलं. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं आणि सूज उतरते. या कामासाठी त्यांना 1982 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. अडचण अशी की दुखणं वाढवणारी ही प्रोस्टाग्लँडिनं पचनमार्गाच्या अस्तराची राखणही करतात. ती कमी झाली की जठरातलं आम्ल त्या उघड्या पडलेल्या अस्तराला खातं आणि अल्सर होतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल बाजारात आलं आणि त्यापाठोपाठ पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही भावंडं आली. आम्ल तयार करणारा पंपच ती बंद पाडतात. त्यांनी जठरातला रक्तस्राव कमी केला आणि असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद आहे. हृदयात स्टेंट घातलेला सत्तरीचा माणूस अ‍ॅस्पिरिन घेत असेल, तर त्याला ही गोळी मिळालीच पाहिजे. हा लेख वाचून अशा कुणी ती बंद केली, तर तो स्वतःचं नुकसान करून घेईल.

आता प्रश्न खालच्या सहा मीटरचा. तिथे जठरासारखं आम्ल नसतंच, मग आम्ल थांबवून काय साधणार? लहान आतड्यातली इजा वेगळ्या वाटेने होते. पेनकिलर अस्तराच्या पेशींची ऊर्जा बनवण्याची यंत्रणा बिघडवते. पेशींमधले सांधे सैल पडतात आणि त्या फटींतून पित्त व जिवाणू आत शिरतात. डायक्लोफेनॅकसारखं औषध तर यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्याच्याभोवतीचं यकृताने बांधलेलं वेष्टन तोडतात, औषध मोकळं होतं आणि पुन्हा शोषलं जातं. त्यामुळे एकदा गिळलेल्या गोळीची झळ त्याच अस्तराला पुन्हा पुन्हा बसते. या साखळीत आम्ल कुठेच येत नाही. म्हणून आम्लावरचं औषधही तिथे लागू पडत नाही.

‘हे सगळं पुस्तकी आहे, प्रत्यक्षात इजा दिसते कुठे?’ असं कुणी विचारेल. बरीच वर्षं ती दिसत नव्हती, कारण बघायची सोय नव्हती. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून जेमतेम वीतभर पुढे जाते. खालून घातलेली मोठं आतडं पार करून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. मधला सगळा पट्टा अंधारात होता. 2001 मध्ये गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हा पट्टा उजेडात आला. 2005 साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात 40 निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक दिलं आणि जठराच्या रक्षणासाठी ओमेप्राझोलही दिलं. आपल्या चिठ्ठीवरची जोडी ती हीच. त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून अधिक जणांच्या लहान आतड्यात आधी नसलेल्या इजा आढळल्या. दुसऱ्या अभ्यासात नॅप्रोक्सेन ही पेनकिलर आणि ओमेप्राझोल एकत्र घेणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांच्या लहान आतड्याचं अस्तर तुटलेलं दिसलं. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. ही सगळी धडधाकट माणसं होती आणि औषध फक्त दोन आठवडे चालू होतं. आपल्याकडे गुडघ्यासाठी हीच जोडी वर्षानुवर्षं चालते.

यावर जाणकार डॉक्टर एक वाजवी मुद्दा मांडतात. कॅमेऱ्यात दिसणारे बारीक ओरखडे बहुतेकदा आपोआप भरून येतात. त्यावरून मोठा आजार ठरवू नये. मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच ओरखडे सोडून प्रत्यक्ष नुकसान मोजणारा अभ्यास बघावा लागतो. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत पोटाचा धोका जास्त असलेले 4484 संधिवाताचे रुग्ण होते. निम्म्यांना डायक्लोफेनॅक आणि ओमेप्राझोल दिलं, निम्म्यांना नुसतं सेलेकॉक्सिब, ही वेगळ्या जातीची पेनकिलर. सहा महिन्यांत पहिल्या गटात पचनमार्गाची दखल घ्यावी अशी इजा 81 जणांना झाली, दुसऱ्या गटात 20 जणांना. यातला बराच वाटा हिमोग्लोबिन घसरण्याचा होता, म्हणजे हळूहळू आत झिरपत गेलेल्या रक्ताचा. चाचणीचा खर्च सेलेकॉक्सिब बनवणाऱ्या कंपनीने केला होता आणि त्या जातीच्या औषधांचा हृदयावरचा धोका वेगळा आहे, हेही सांगायला हवं. म्हणून ‘सेलेकॉक्सिब घ्या’ असा निष्कर्ष मी काढत नाही. इतकंच म्हणतो की पेनकिलर आणि गॅसची गोळी ही जोडी ‘सुरक्षित’ म्हणून खपवता येत नाही.

आणखी दोन पळवाटा नेहमी ऐकू येतात. पहिली, ‘गोळी नको, इंजेक्शन घ्या, पोटाला लागत नाही.’ गावोगावी कंबरेत टोचून घेण्याची जी हौस आहे, तिचं समर्थन याच वाक्याने होतं. पण औषध टोचलं तरी रक्तात जातं, रक्तातून प्रोस्टाग्लँडिनं कमी करतं आणि पित्तावाटे आतड्यात उतरतं. गिळलं नाही म्हणून आतडं सुटत नाही. दुसरी पळवाट, ‘ही साधी गोळी नाही, आवरणाची आहे, जठरात विरघळतच नाही.’ मग ती विरघळते कुठे? आतड्यात. जठराला वाचवण्यासाठी इजेचं ठिकाण खाली सरकवण्याचा हा प्रकार आहे आणि त्याचा एक कडू धडा इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये ‘ऑस्मोसिन’ नावाचं इंडोमेथॅसिन या पेनकिलरचं उत्पादन आलं होतं. औषध हळूहळू सुटावं, अशी त्याची मोठी हुशार रचना होती. लहान आतड्याला भोकं पडल्याच्या आणि रक्तस्रावाच्या तक्रारी येऊ लागल्या आणि 1983 मध्ये ते बाजारातून काढावं लागलं.

तिसरा युक्तिवाद पेशंटचा असतो. ‘मला काही होत नाही. ना जळजळ, ना दुखणं. गोळ्या पचतात मला.’ सगळ्यांत जास्त माणसं फसतात ती इथेच. जठराची जळजळ लगेच कळते. लहान आतड्याच्या अल्सरला बहुधा वेदना नसते, त्यात वेदना मारणारी गोळी चालूच असते. रक्त थेंबाथेंबाने जातं. सहा महिन्यांनी जिना चढताना धाप लागते, पायावर सूज दिसते, हिमोग्लोबिन 8 निघतं. तोंडातून दुर्बीण घालतात. जठर स्वच्छ असतं, कारण गॅसच्या गोळीने आपलं काम चोख केलेलं असतं. ‘वयामुळे रक्त कमी झालंय, पालेभाज्या खा’ असं सांगून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोहाने शौच काळं होतं. रक्तस्रावाचीही तीच खूण, त्यामुळे ती खूणही झाकली जाते. आता चिठ्ठीवर तीन गोळ्या असतात. लोहाने बद्धकोष्ठ होतं, म्हणून चौथी येते, रेचकाची. या सगळ्यात पहिली गोळी मात्र तशीच चालू असते. तिच्याकडे कुणी बोटही दाखवत नाही.

काही वेळा प्रकरण याहून वाईट वळण घेतं. वर्षानुवर्षं पेनकिलर घेणाऱ्यांच्या लहान आतड्यात पातळ पडद्यासारख्या चकत्या तयार होतात. मधोमध पेन्सिलीएवढंच भोक राहतं आणि अन्न अडतं. 1988 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी या विकाराचं सविस्तर वर्णन केलं. आपल्याकडे याला एक खास पदर आहे. जेवल्यावर पोटात कळ, वजन उतरलेलं, रक्त कमी, आणि दुर्बिणीत लहान आतड्याच्या शेवटी अल्सर किंवा अरुंद झालेली जागा. भारतात हे चित्र दिसलं की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो यावाच, कारण आतड्याचा क्षय इथे आजही भरपूर आहे. पण बायोप्सीत क्षयाचा पुरावा सापडला नाही तरी ‘एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करून बघू’ असं पुष्कळदा ठरतं. सहा महिने, यकृताला त्रास देऊ शकणारी तीन-चार औषधं. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न फुकट आहे: ‘गेल्या वर्षभरात दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्या?’ पेनकिलरचे अल्सर औषध बंद केल्यावर बहुतेकदा भरून येतात. क्षयाची शंका तातडीची नसेल, तर पेनकिलर थांबवून पुन्हा बघणं हाही निदानाचाच भाग आहे.

हा प्रश्न पेशंटला विचारला तरी उत्तर मिळत नाही, ही आणखी एक अडचण. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मेडिकलसमोर जरा वेळ उभं राहून बघा. ‘कंबर धरलीये, दोन दिवसांच्या द्या.’ दुकानदार दहाच्या पाकिटातून कात्रीने चार गोळ्या कापतो. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. कापलेल्या चार गोळ्या कागदी पुडीत जातात, पुडीवर पेनाने 1-0-1 लिहिलं जातं, वर दोन गुलाबी गोळ्या ‘गॅसच्या’. बिल नाही. डायक्लोफेनॅक चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे, पण तो पुडीला माहीत नसतो. पुढे मोठ्या दवाखान्यात गेल्यावर ‘कोणत्या गोळ्या घेता?’ या प्रश्नाला तो माणूस ‘पिवळी चपटी होती’ असं उत्तर देतो. दोष त्याचा कसा म्हणायचा?

‘बरं, आतड्याला उपयोग नसेल, पण गॅसच्या गोळीने अपाय तरी काय होतो?’ हा चौथा युक्तिवाद. इथे भीती घालणाऱ्यांच्या रांगेत मला बसायचं नाही. या गोळीने स्मृतिभ्रंश होतो, हाडं मोडतात, मूत्रपिंड जातं अशी बरीच ओरड झाली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 17,598 लोकांना पँटोप्राझोल किंवा निष्क्रिय गोळी देऊन सरासरी तीन वर्षं पाहिलं गेलं. बहुतेक भीती खोटी ठरली. फरक दिसला तो एका बाबतीत, आतड्यांच्या संसर्गात: पँटोप्राझोलच्या गटात 1.4 टक्के, दुसऱ्या गटात 1 टक्का. फरक छोटा आहे, पण कारण उघड आहे. अन्नपाण्याबरोबर आलेले जिवाणू मारण्याचं काम जठरातलं आम्ल करतं. पावसाळ्यात गढूळ पाण्याचे टँकर येणाऱ्या गावात ते काम बंद पाडायचं, तर त्याला तसंच कारण हवं.

त्यातच आपल्याकडे तापाच्या चिठ्ठीवर या जोडीला अँटिबायोटिकही असतं. अँटिबायोटिक मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो. त्याच्या विषाने दिवसात दहा-दहा वेळा जुलाब होतात. वृद्धांच्या जिवावर बेतू शकतं. गॅसच्या गोळ्या घेणाऱ्यांत या जुलाबांचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2012 मध्येच दिला. आपण मात्र ‘औषध गरम पडलं, ताक प्या’ म्हणून मोकळे होतो, नाहीतर जुलाबावर आणखी एक अँटिबायोटिक लिहितो. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा संकेत तर याहून विचार करायला लावणारा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात गॅसच्या औषधाने आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटली आणि पेनकिलरची लहान आतड्यातली इजा वाढली. उंदराचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण ज्या गोळीला आपण आतड्याची ढाल समजतो, तिच्याकडे संशयाने बघायला एवढं कारण पुरेसं आहे.

शिवाय ही गोळी सोडणं सोपं नाही. 2009 सालच्या एका प्रयोगात पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांना आठ आठवडे याच जातीचं एसोमेप्राझोल दिलं आणि मग गुपचूप बंद केलं. त्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असे त्रास सुरू झाले. ज्यांना ते कधीच दिलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण 15 टक्के होतं. दाबून ठेवलेलं आम्ल उसळून येतं. पेशंटला वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय मला चालतच नाही’, आणि तो ती आयुष्यभर घेत राहतो. कंबरदुखीसाठी पाच दिवस सुरू केलेली सोबतीण पाच वर्षं घरात राहते ती अशी.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘ऊसतोड कामगाराला, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईला विश्रांती घ्या म्हणून सांगता? खाडा पडला की मजुरी जाते. गोळी घेऊन ती कामावर तरी जाते.’ मान्य. तिला फुकटचा उपदेश करायचा माझा अधिकार नाही. पण रक्त कमी झालं की तिचं काम आधी थांबतं, हेही तितकंच खरं. तिला दुखणं सहन कर असं कुणी सांगत नाही. साध्या दुखण्याला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आधी वापरून बघता येतं. गुडघा, मनगट अशा एका सांध्याच्या दुखण्याला वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल आहे, त्यातून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फार कमी असतं. खरंच सूज असेल तेव्हा पेनकिलरही घ्यावी, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. पण एका चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या नेत राहणं हा उपचार होत नाही.

सरकारला यातलं काही कळलेलं नाही असंही नाही. मार्च 2016 मध्ये केंद्राने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि रॅबेप्राझोल यांची एकत्र गोळीही होती, म्हणजे आपली जोडी एकाच गोळीत बसवलेली. प्रकरण न्यायालयांतून फिरून आलं आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवरची बंदी पुन्हा जाहीर झाली. ती मिश्र गोळी गेली, पण तोच मसाला आता दोन वेगळ्या पाकिटांतून एकाच पुडीत पडतो. बंदी गोळीवर येते, सवयीवर येत नाही.

म्हणून मागणी सवय बदलण्याची आहे, आणि तिला नवं यंत्र किंवा निधी लागत नाही. पेनकिलरच्या चिठ्ठीवर सुरुवातीबरोबरच शेवटाचीही तारीख लिहावी. गॅसची गोळी लिहिताना कारण सांगावं: वय जास्त, आधी अल्सर झालेला, सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा स्टेरॉइड. यांपैकी काही नसेल तर ती लिहू नये. असेल तर जरूर लिहावी, पण आतड्याची हमी म्हणून देऊ नये. चाळिशीपुढच्या माणसाचं रक्त कमी आढळलं, तर लोह सुरू करण्याआधी दुखण्याच्या गोळ्यांचा हिशेब मागावा. दुकानदाराने नाव असलेला तुकडा गिऱ्हाईकाला द्यावा आणि बिल द्यावं. आणि औषधाने पोट बिघडलं असं वाटलं, तर पेशंटनेही ते नोंदवावं. देशाचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याची 1800-180-3024 ही फुकट हेल्पलाइन डॉक्टरांइतकीच सामान्य माणसासाठीही आहे. आपल्याकडून नोंदी जात नाहीत, म्हणून आपल्याकडे हा त्रासच नाही असं कागदावर दिसतं, आणि मग तोच कागद पुढच्या वादात आपल्या तोंडावर फेकला जातो.

पेनकिलर लिहून देणाऱ्याला ती कधी थांबवायची ते सांगता येत नसेल, तर ती सुरू का केली हेही त्याला सांगता येणार नाही. पेशंटने ‘कधी थांबवायची?’ हा प्रश्न काउंटरवर नव्हे, चिठ्ठी लिहिली जात असतानाच विचारावा.